पाखरांचा कायदा आम्हाला, सवलत कंपनीला



पुंडलिकनगरच्या जिल्हा बैठकीपुढे या वेळी नाथसागरावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचा विषय ठेवला आहे. विषयपत्रिका पाहून काही कार्यकर्त्यांनी तोंडावरच विचारले, की आपले रान कोरडवाहू, जायकवाडीचा कालवा आपल्या शिवाराला शिवत नाही, शिवला तरी शेपटाकडे पाणी पोचत नाही. मग कपाशी-ज्वारीवाल्याला त्या पाण्यावर तरंगणाऱ्या प्लेटांचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की पाण्यावर आज जो न्याय लावला जातो आहे तोच माळावर आणि गायरानात लावला जातो आहे, आणि माळ व गायरान कोरडवाहूवाल्याचेच आहे.

आधी पाण्याचे पाहू. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणच्या धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. शंभरावर गावे पाण्याखाली गेली. गोदाकाठची काळीभोर जमीन, घरे, देवळे, मसणवटे, सगळे गेले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या गावांच्या भिंती आणि देवळांचे चिरे उघडे पडतात, आणि म्हातारी माणसे तिथे जाऊन आपला वाडा कुठे होता ते नातवांना दाखवतात. ज्यांनी हे दिले त्यांना मराठवाड्याच्या विकासासाठी त्याग करा, असे सांगितले होते. त्यांनी केला. ज्यांची जमीन गेली त्यातल्या कित्येकांनी नंतर गाळपेरावर पोट भरले. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, गहू, कलिंगड टाकायचे. कहार आणि भिल्ल समाजाची माणसे मासे धरू लागली.

मग १९८६ साली याच जलाशयाचे अभयारण्य झाले. पाणी उथळ, परातीसारखे पसरलेले, काठाला दलदल. त्यामुळे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी लाखाच्या घरात नाही तरी हजारांनी उतरतात. रोहित येतात, पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, करकोचे येतात, नाना जातीची बदके येतात. सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला लागू झाला, आणि गाळपेर, जाळे, जनावरे पाण्यावर नेणे, काठावर मोटार लावणे, प्रत्येक गोष्टीत वनखात्याला आक्षेप घेण्याचा अधिकार आला. जमीन एकदा धरणाने घेतली होती, उरलेसुरले दुसऱ्यांदा पाखरांच्या नावाने आवळले गेले. पाखरांबद्दल आमची तक्रार नाही. ती आमच्या आधीपासून गोदावरीवर येत आहेत. तक्रार पुढे आहे.

याच पाण्यावर आता हजार मेगावॉटच्या वरचा तरंगता सौर प्रकल्प उभारण्याच्या घोषणा झाल्या. टीएचडीसी इंडिया या सरकारी कंपनीने निविदा काढली. कहार समाज पंच समिती त्याविरुद्ध पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात गेली. ९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायाधिकरणाने दाद नाकारली. आधार कशाचा? केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १२ जुलै २०१७ रोजी या अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढली होती, त्यात अपारंपरिक ऊर्जेला मोकळीक दिलेली आहे. पंच समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०२५ मध्ये तिथेही अपील फेटाळले गेले. एकही प्रकल्प होऊ दिला नाही तर देश पुढे कसा जाणार, अशा अर्थाचा प्रश्न न्यायालयाने विचारला. याचिका करायला तुम्हाला कोणी उभे केले, पैसा कोणी पुरवला, असेही विचारले.

न्यायालयाचा निर्णय आहे, तो मानायचा. पण 'याच्या मागे कोण' हा सवाल आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. कांद्याचा रास्ता रोको झाला तेव्हा तो विचारला गेला, कापसाच्या खरेदीसाठी बसलो तेव्हाही विचारला गेला. पाण्यावर जगणारा माणूस पाण्याबद्दल बोलायला लागला, तर त्याच्या मागे दुसरे कोणीतरी असलेच पाहिजे, अशी या देशातल्या शिकल्यासवरल्यांची पक्की समजूत आहे. त्याच्या मागे त्याचे पोट असते, एवढे साधे त्यांना दिसत नाही.

आता गैरसमज नको म्हणून एक गोष्ट ठणकावून सांगतो. आपण सौर विजेच्या विरोधात नाही. उन्हाच्या विजेची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल तर ती आपल्याला आहे. रात्री एक वाजता लाईन येते, शाळूला पाणी द्यायला बॅटरी घेऊन निघायचे, बांधावर साप, सरीत विंचू, आणि दारे धरेपर्यंत डीपीवरचा फ्यूज गेलेला. दिवसा वीज द्या, ही मागणी आंदोलनाने वर्षानुवर्षे केली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केल्याचा गाजावाजा झाला. आपण फुकट कधी मागितली नव्हती, दिवसा आणि पुऱ्या दाबाने मागितली होती. दिवसा वीज द्यायची तर ती उन्हातूनच येणार, हे आपल्याला कळते. पाऊस बिघडला आहे, जून कोरडा जातो आणि बोंडे फुटायच्या वेळी ढगफुटी होते, हेही आपण सोसतो. कोळशाचा धूर कमी झाला तर पहिला फायदा कोरडवाहूवाल्याचा आहे.

म्हणूनच हिशेब नीट मांडायचा. तरंगत्या प्लेटांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: झाकलेल्या पाण्याचे बाष्पीभवन कमी होते, आणि जायकवाडीसारख्या उथळ धरणात ऊन फार पाणी पिते. तो मुद्दा नाकारू नये. पण वाचलेले पाणी कोणाच्या नावावर जमा होणार? वर नाशिक-नगरकडून पाणी सोडवून घ्यायला २००५ च्या कायद्याचा आधार घेऊन मराठवाड्याला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, तेव्हा कुठे समन्यायी वाटपाचे काही थेंब आले. वाचलेल्या पाण्याचा हिस्सा शेताला किती, शहराला किती, कारखान्याला किती, हे ठरवल्याशिवाय पाणी वाचते म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.

दुसरे असे. सांगितले जाते की पाण्याचा पसारा एवढा मोठा, त्यात प्लेटांनी थोडीशी जागा घेतली तर काय बिघडले? तरंगत्या प्रकल्पाला एका मेगावॉटला साधारण हेक्टर ते दीड हेक्टर पाणी लागते. हजार मेगावॉट म्हटले की दहा ते पंधरा चौरस किलोमीटर. धरण तुडुंब असताना हा आकडा किरकोळ दिसतो. पण २०१६ चा उन्हाळा आठवा, २०१९ चा आठवा. धरण मृतसाठ्याच्याही खाली गेले होते. परातीतले पाणी आटत आटत मधल्या खोलगट भागात राहते. प्लेटा चिखलावर बसवून चालत नाही, म्हणजे त्या बारमाही खोल पाण्यावरच लागणार. आणि दुष्काळात मासा तिथेच जगतो, पाखरू तिथेच उतरते, कहाराची होडी तिथेच जाते. तेव्हा टक्केवारी काढायची तर भरलेल्या धरणाची काढू नका, मे महिन्यातल्या धरणाची काढा. हा साधा अभ्यास लोकांपुढे मांडून, सुनावणी घेऊन मग प्लेटा टाकायला हव्यात. पण २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली जी पूर्वमंजुरी आणि जनसुनावणी लागते, तिच्यातून सौर प्रकल्पांना सूट आहे. दगडाच्या खाणीला विचारपूस आहे, साखर कारखान्याला आहे. हजार मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला नाही, कारण तो 'हिरवा' आहे. रंग पाहून तपासणी माफ करण्याची ही रीत अजब आहे. तणनाशकाचा डबाही हिरव्या रंगाचा मिळतो.

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. नाथांची समाधी तिथे, षष्ठीला दिंड्या तिथे जातात. काशीहून आणलेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपल्या घराघरात सांगितली जाते. त्या नाथांचे नाव दिलेल्या पाण्यावर कोणाचा हक्क आधी, याचा निवाडा करताना तहानलेल्याला कोणी विचारू नये, हे त्या नावाला शोभत नाही. नाथसागर हा वारसा आहे तो नुसत्या पाखरांमुळे नाही. बुडालेली गावे, नदीचे घाट, कहारांची नावाड्याची विद्या, गाळपेरावरचे पीक, हे सगळे मिळून तो वारसा होतो. सरकारी कागदात यातले पाखरू तेवढे लिहिले जाते, माणूस गाळला जातो. आणि कंपनी आली की पाखरूही गाळले जाते.

आता पाण्यावरून माळावर या.

मराठवाड्यातल्या माळाला सातबाऱ्यावर 'पोटखराब' किंवा 'पडीक' म्हणतात. जुन्या वसुलीदाराने ज्यातून सारा येत नाही त्याला पडीक म्हटले, आपल्या तलाठ्याने तेच पुढे चालवले. त्या पडीकावर धनगराची मेंढरे पावसाळाभर चरतात, गावची जनावरे पोळ्यापर्यंत तगतात, कुसळीत चंडोल अंडी घालतो, लांडगा पिल्ले देतो, आणि टेकाडावर म्हसोबा नाहीतर खंडोबा असतो ज्याच्यापुढे नांगरट सुरू करायच्या आधी नारळ फुटतो. मेंढरे रानात बसवली की जे खत मिळते, त्याची किंमत युरियाच्या गोणीला विचारा. पडीक हा शब्द ज्याने लिहिला त्याला हे माहीत नव्हते. ज्याला आज सौर प्रकल्पासाठी जागा हवी आहे त्याला माहीत करून घ्यायचे नाही.

गायरानाचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनी वाचवा म्हणून सांगितले. राज्य सरकारने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला, की गायरान कोणाही व्यक्तीला किंवा संस्थेला द्यायचे नाही, अपवाद सार्वजनिक कामाचा. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणारे भूमिहीन, त्यांतले बहुसंख्य दलित, त्यांच्या नावाने २०२२ मध्ये अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा निघाल्या. ते म्हणत होते, जमीन आमच्या नावावर करा. सांगितले गेले, गायरान आहे, देता येत नाही. आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी मात्र हीच सरकारी जमीन नाममात्र एक रुपया भाड्याने देता येते. योजना शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी आहे हे कबूल. पण मेंढपाळाला आणि भूमिहीनाला विचारून, चराईची दुसरी जागा ठरवून मग कुंपण घालता आले असते.

सोलापूरकडच्या भावांना माळढोकाची गोष्ट सांगायला नको. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात माळाइतकीच लोकांची खासगी शेते, गावे, बाजारपेठाही आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकाम अडले, विहिरीपासून घरापर्यंत ना-हरकतीचे हेलपाटे सुरू झाले. ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला २०१२ उजाडले. तेहतीस वर्षे. आणि शेतकऱ्याला एवढे बांधूनही माळढोक राहिला नाही, नान्नजच्या माळावर तो दिसणे मुश्कील झाले. उलट बाजूला राजस्थान-गुजरातेत माळढोक विजेच्या तारांवर आपटून मरतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारा जमिनीखालून न्या, असा आदेश दिला. सौर आणि पवन कंपन्यांची अडचण झाली. केंद्र सरकार स्वतः त्यांच्या वतीने न्यायालयात गेले, आणि २१ मार्च २०२४ रोजी तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिकडे ओरण म्हणून देवाच्या नावाने राखलेली चराई राने आहेत, ती वाचवायला जैसलमेरचे लोक रस्त्यावर आले आहेत. एकाच पाखरासाठी करमाळ्या-मोहोळच्या शेतकऱ्याला तेहतीस वर्षे, कंपनीला तीन. यात दोष पाखराचा नाही.

सह्याद्रीतही हेच. भीमाशंकर अभयारण्याच्या लगत पवनचक्क्यांसाठी डोंगर फोडून रस्ते केले, त्याचे काय परिणाम झाले ते माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात लिहून ठेवले आहे. अहवाल बासनात गेला.

शहरातले पक्षिप्रेमी या वेळी आपल्याबरोबर येऊ म्हणतात. यावे. पण रोह्यांचा कळप रात्रीत दोन एकर तूर साफ करतो, रानडुक्कर ज्वारी लोळवते, तेव्हा हीच मंडळी आम्हाला सहजीवनाचे पाठ देत होती. बरोबर यायचे तर त्या नुकसानीच्या भरपाईच्या कागदावरही सही करावी लागेल.

आता पैशाचे बोलू, कारण त्याशिवाय हा विषय कळत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये वार्षिक भाडे आहे, म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या आसपास, वर सालाला ३ टक्के वाढ. कोरडवाहू कपाशी एकरी पाच क्विंटल पिकली असे उदार मनाने धरा. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये. झाले ३८,५५०. त्यातून बी, खत, फवारणी, खुरपणी आणि वेचणी वजा करा. उरते काय? आणि हा हमीभावही बाजारात मिळतो कुठे? ऑगस्ट २०२५ मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले, ते डिसेंबरअखेरपर्यंत काढलेलेच ठेवले. जमीन कसली तर तोटा आणि प्लेटांखाली दिली तर भाडे, अशी स्थिती करून ठेवल्यावर शेतकरी जमीन देणारच. जो देतो त्याला बोल लावू नका, त्याने गणित बरोबर केले आहे. पण उपकेंद्राच्या जवळ ज्याचे रान आहे त्यालाच हे भाडे. बाकीच्यांच्या वाट्याला वरून जाणाऱ्या तारा.

त्या तारांना तुमची संमती लागत नाही. इंग्रजांनी १८८५ साली तारखात्यासाठी केलेले अधिकार २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ ने वीजवाहिन्या ओढणाऱ्यांना देता येतात. केंद्राने जून २०२४ मध्ये मोबदल्याची मार्गदर्शक सूत्रे सुधारली, मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असे सुचवले. तो कागद वाचून, मोजणी करून पैसे घेणारे गाव विरळा. बहुतेक ठिकाणी मधला माणूस येतो, गावातल्या दोघांना हाताशी धरतो, आणि प्रत्येकाला वेगळा आकडा सांगतो. जिथे करार उघड्यावर होत नाही तिथे दलाल शिरतो, दलालामागे गुंड शिरतो. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे प्रकरण पेटले, असे तपास यंत्रणेचे आरोपपत्र सांगते. बीड जिल्ह्यात जे झाले ते इतरत्र होणार नाही, अशी खात्री कोणी द्यावी?

मग वीज कुठे करायची? पुंडलिकनगरात गच्चीवर चढून चारी बाजूंना पाहा. नजर पोचेल तिथवर स्लॅब, पत्रे आणि काळ्या टाक्या. हे शहर नाथसागराचे पाणी पिते. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान. एक लाख घरांवर तीन-तीन किलोवॉट बसवले तर ३०० मेगावॉट होते. वाळूजचे कारखान्यांचे पत्रे वेगळे. शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक पट्ट्यासाठी सुमारे १० हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून घेतली, तिथले मोकळे भूखंड आणि शेडची छपरे वेगळी. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चांद्रासणला २०१२ साली नर्मदेच्या कालव्यावर पाऊण किलोमीटरात एक मेगावॉट बसवले. त्या हिशेबाने आपल्या कालव्यांच्या निम्म्या लांबीवरही सव्वादोनशे मेगावॉट होते. खर्च जास्त येतो, आणि फुटके कालवे आधी दुरुस्त करावे लागतील. ते तर आपण कधीपासून मागतोच आहोत. एवढे केले म्हणजे पाचशे मेगावॉट पाखराला, माशाला आणि मेंढराला न शिवता झाले. उरलेल्यासाठी बसून बोलू.

आणि आपल्या मुरमाड रानावर आपणच वीज पिकवून विकण्याचे काय? २०१९ च्या कुसुम योजनेत शेतकऱ्याला पाचशे किलोवॉट ते दोन मेगावॉटचा प्रकल्प स्वतः उभारून वीज विकता येते, असे लिहिले आहे. लिहिलेले छान आहे. एका मेगावॉटला काही कोटी लागतात, आणि बँक आपल्याला पीककर्जाला दारात उभी करत नाही. म्हणून मालकी भांडवलवाल्याची आणि आपल्याला भाडे. दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली तर तिला वीजखरेदी कराराच्या तारणावर कर्ज मिळाले पाहिजे. ऊस लावणाऱ्याने कारखाना काढला, तसा ऊन झेलणाऱ्याने वीज कारखाना का काढू नये?

बैठकीत ठरावाचा मसुदा येईल. त्याचा गाभा असा: अभयारण्यात, गायरानात आणि माळावर जो नियम शेतकरी, मेंढपाळ व कहाराला, तोच कंपनीला, मोठ्या सौर-पवन प्रकल्पांना जनसुनावणीतून दिलेली सूट रद्द, जलाशयावरच्या प्रकल्पाचा अभ्यास दुष्काळी सालाच्या पाण्यावर, गायरान देण्याआधी ग्रामसभेचा ठराव आणि चराईची पर्यायी सोय, छपरे आणि कालवे आधी. नाथसागरावर प्लेटा येणारच असतील तर गाळपेर आणि मासेमारीचा हक्क लेखी, आणि विजेच्या उत्पन्नात धरणग्रस्तांचा व मच्छीमारांचा हिस्सा. कहार समाजाच्या मंडळींना बैठकीचे निमंत्रण पाठवले आहे. ते बोलतील, आपण ऐकायचे.

येताना ज्यांच्या गावात गायरानाची मोजणी झाली आहे त्यांनी सातबारा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत आणावी. ज्यांनी भाडेकरार केला आहे त्यांनी कराराची झेरॉक्स आणावी, त्यातली मुदत आणि करार मोडण्याचे कलम वकील वाचून सांगणार आहेत. ज्यांच्या रानातून मनोरे गेले त्यांनी मिळालेल्या पैशाचा आकडा कागदावर लिहून आणावा, नाव नाही लिहिले तरी चालेल. भाकरी बांधून आणावी. पाण्याची बाटलीही घरून भरून आणलेली बरी. शहरातल्या नळाला वार असतो, तो बैठकीच्या दिवशीच येईल असे नाही.